नखं तिचीच राहू द्या

वर्क फ्रॉम होम मिळालं, नांदेडला परतलो. सोबत मांजर. तिनं सोफा उसवला. "नखं काढून टाक, नाहीतर हिला सोडून ये," बाबा म्हणाले.

नखं काढणं म्हणजे बोटांची शेवटची पेरं छाटणं. न्यूयॉर्क राज्यानं 2019 मध्ये त्यावर बंदी घातली.

मांजर रागानं ओरबाडत नाही. नखावरचं जुनं टरफल काढते, अंग ताणते, पंजाचा वास ठेवते. हे थांबवता येत नाही. जागा बदलता येते.

लातूरच्या मामांकडून तुरीचं बारदान आणलं, उंच ओंडक्यावर घट्ट गुंडाळून सोफ्यालगत उभं केलं. नखांची फक्त टोकं कापतो, गुलाबी शीर सोडून.

परवा बारदान फाटलं. बाबा न सांगता मोंढ्यातून नवं घेऊन आले.