वसईच्या आईचा मुलगा, रेसिफेचा संत

12 सप्टेंबर 1745. ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरील रेसिफे या बंदरात, लिव्रामेंतो चर्चमध्ये, जाबोआतांव नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने एक लांबलचक प्रवचन दिले. प्रवचनाचा नायक होता वसईचा एक माणूस. तो उत्सव मांडला होता ‘पार्दो’ समाजाने, म्हणजे गोरे व आफ्रिकी यांच्या मिश्र संततीने. चिमाजी अप्पांनी वसई जिंकून तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती.

त्या माणसाचे नाव गोन्सालो गार्सिया. जन्म वसईत, 1556 च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई वसईचीच. शिक्षण जेझुइटांकडे झाले, किशोरवयातच तो त्यांच्याबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा उत्तम शिकला. पण त्या संघाने त्याला सदस्य करून घेतले नाही. काही काळ व्यापार करून तो मनिलाला फ्रान्सिस्कन झाला, दुभाषा म्हणून 1593 मध्ये जपानला परतला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत आणखी पंचवीस जणांसह क्रुसावर मारला गेला. त्याच्या नावाचे महाविद्यालय वसईत आहे, गासला चर्च आहे. वसईकरांना हे सांगायला नको. मात्र अटलांटिकपलीकडे त्याचे काय झाले, हे वसईतही फारसे बोलले जात नाही.

ते पाहायला वसईचे एक कुटुंब रेसिफेला गेले: आजी, मामा, नोकरीनिमित्त ब्राझीलमध्ये राहणारी मावशी आणि नातू. नातवाबरोबर त्याचा महाविद्यालयातला मित्र होता, मुरबाड तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीचा.

या मित्राची वसईशी ओळख झाली ती भीमाशंकरच्या घंटेमुळे. सिद्धगडाच्या बाजूने डोंगर चढून गेलेल्या मुरबाडकरांनी ती पाहिलेली असते: 1729 साल कोरलेली, वसईच्या विजयातून आलेली, चर्चची घंटा. लहानपणापासून त्याला ती विजयाची खूण म्हणूनच दाखवली गेली. विजय खराच होता, आणि मोठा होता. पण रेसिफेच्या वाटेवर मामांनी त्याला सरळ विचारले, “तुमच्या पुस्तकांत 1739 नंतर आमचं काय झालं, ते असतं का रे?” प्रश्न रास्त होता. पोर्तुगीज सरदार-जमीनदार निघून गेले. शेत कसणारे, मासेमारी करणारे ख्रिस्ती तिथेच राहिले आणि पेशव्यांची रयत झाले. आपल्या इतिहासात किल्ला पडला की प्रकरण संपते. किल्ल्याभोवतीची माणसे पुढच्या प्रकरणात येतच नाहीत. नातवाला तर आजही “तुम्ही पोर्तुगीज का?” असे विचारणारे भेटतात.

आता मूळ प्रश्न. रेसिफेच्या पार्दोंना वसईचा माणूस कशाला हवा होता?

पोर्तुगीज साम्राज्यात ‘रक्तशुद्धी’चे नियम होते. अंगात आफ्रिकी रक्त असलेल्याला अनेक पदांची आणि धर्मसंघांची दारे बंद असत. पार्दो कधी संत होऊ शकेल काय, असाच हेटाळणीचा सूर होता. त्यावर पार्दोंनी गोन्सालोला पुढे केले: बाप गोरा, आई काळी, म्हणजे आमच्यासारखाच. विरोधकांचा आक्षेप असा की आई आशियातली, आफ्रिकेतली नव्हे. मग हा तुमचा कसा? जाबोआतांव यांनी भूगोल, वंशावळ, प्राचीन ग्रंथ असे सारे उपसून वसईच्या बाईचा वर्ण सिद्ध केला. 1751 मध्ये लिस्बनला हे प्रवचन छापले गेले आणि त्याच्या शीर्षकातच गोन्सालोला ‘त्यांच्या वर्णाचा संत’ म्हटले आहे. तर्क आजच्या कसोटीवर मुळीच टिकणार नाही. धाडस मात्र टिकले. गोन्सालो तेव्हा अधिकृतपणे संतही नव्हता. 1627 मध्ये तो ‘धन्य’ घोषित झाला होता, संतपद मिळाले 1862 मध्ये. रोमच्या आधी 117 वर्षे पार्दोंनी त्याला संत मानले.

गार्सिया हे नाव बापाचे. रेसिफेने त्याला आईवरून ओळखले.

चर्चच्या दारात नातू हे सगळे समजावून सांगत होता आणि मुरबाडचा मित्र मध्येच हसला. कारण त्याने सांगितले तेव्हा कुणी हसले नाही. अनुसूचित जमातीच्या दाव्याच्या पडताळणीत कागदपत्रांबरोबर ‘आप्तभाव’ही तपासला जातो: देव कोणते, लग्नाच्या चाली कोणत्या, बोली कशी. आजोबांचा शाळेचा दाखला नव्हता, कारण आजोबा शाळेतच गेले नव्हते. आपण आपल्याच आईबापांचे आहोत हे परक्यापुढे पटवून देण्याचा अनुभव त्या दारात उभ्या असलेल्यांपैकी त्यालाच होता. जाबोआतांवांच्या प्रवचनाची लांबी त्याला बरोबर कळली.

रेसिफेत पाहण्यासारखे आणखी पुष्कळ आहे. 1630 ते 1654 या डच काळातले, अमेरिका खंडांतले पहिले सिनेगॉग तिथेच आहे. पण आजींना त्यात गोडी नव्हती. शेजारच्या ओलिंदात टेकडीवर तव्यावरची तापिओका मिळते: पांढऱ्या पिठाची घडी, आत खोबरे. ते पीठ कसाव्याचे, आपला साबुदाणाही त्याच कंदाचा, आणि कंद मूळचा ब्राझीलकडचा. उपवासाचा पदार्थ आणि वर चीज, हे पाहून मुरबाडचा मित्र थबकला. काजू आणि अननस हे शब्दही तिकडच्याच तुपी भाषेतून पोर्तुगीज जहाजांवर बसून कोकणात उतरलेले आहेत.

लिव्रामेंतो चर्च आज बाजारपेठेच्या गर्दीत उभे आहे. आजी आत पहिल्या बाकावर बसल्या आणि त्यांनी कादोडीत प्रार्थना म्हटली. शेजारी एक वृद्ध कृष्णवर्णी बाई बसली होती; तिने मावशीला विचारले, या कुठल्या? मावशीने पोर्तुगीजमध्ये सांगितले, गोन्सालो गार्सियाच्या गावच्या. बाईने मान हलवली आणि आजींसाठी बाकावर थोडी सरकून जागा केली.