‘क’चा नंबर २३२५

मुलांनो, कॉम्प्युटरला ‘क’ वाचता येतो का? मुळीच नाही! त्याला कळतात फक्त आकडे. म्हणून वर्गात तुमचा हजेरी नंबर असतो ना, तसा प्रत्येक अक्षरालाही एक नंबर दिलेला असतो. इंग्रजीतल्या मोठ्या ‘ए’चा नंबर ६५, आपल्या ‘क’चा २३२५. तुम्ही कळ दाबली की कॉम्प्युटर नुसता नंबर लिहून ठेवतो. पडद्यावर त्याचं चित्र काढायचं काम फॉन्टचं.

मी नव्या मुंबईत राहतो आणि प्रोग्राम लिहिण्याचं काम करतो. हे नंबर रोजच माझ्या हाताखालून जातात. पण त्यांची खरी किंमत कळली ती आमच्या शेजारच्या गुरुजींमुळे.

नवी मुंबई वसवायला १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घ्यायचं ठरलं. गुरुजींचं गाव त्यातलंच एक. तिथली मिठागरं, भातशेती, खाडीतली मासेमारी, लग्नातली गाणी, सगळं त्यांनी १९९८ साली मुलाच्या कॉम्प्युटरवर टाइप केलं होतं. चांगली साठ पानं! छापलेली प्रत २००५ च्या २६ जुलैच्या पावसात भिजून गेली. उरली फक्त फाइल. परवा नातवाने ती नव्या लॅपटॉपवर उघडली, तर काय? इंग्रजी अक्षरं, डॉलरच्या खुणा, चौकोनी डबे! मराठीचा मागमूस नाही.

“गेलं रे सगळं,” गुरुजी हळूच म्हणाले.

पण गेलं नव्हतं, बरं का! त्या काळचे बरेच मराठी फॉन्ट एक युक्ती करायचे. मराठी अक्षरांना वेगळे नंबर न देता ते इंग्रजीच्याच नंबरांवर मराठी चित्रं बसवायचे. म्हणजे नंबर ६५ चाच, पण चित्र मराठी. तो फॉन्ट असेपर्यंत सगळं झकास. फॉन्ट नसला की कॉम्प्युटर बिचारा ६५ म्हणजे ‘ए’च दाखवणार! शिवाय प्रत्येक कंपनीची चित्रांची मांडणी निराळी. एकाचं लिखाण दुसऱ्याला वाचता येईना.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी नंबरांची एकच यादी! देवनागरीला त्यात २३०४ पासून २४३१ पर्यंतचे नंबर मिळाले. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला मात्र स्वतःचा नंबर मिळायला २००८ साल उजाडलं.

आता फॉन्ट बदलला तरी अक्षर बदलत नाही, फक्त त्याचं रूप बदलतं. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट पाहिलाय ना? तो घडवला सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. ते आयआयटी मुंबईत शिकवायचे. नंतर एनसीएसटी या संस्थेत त्यांनी भारतीय लिप्यांसाठी काम केलं. ही संस्था पुढे सीडॅकमध्ये विलीन झाली. खारघर स्टेशनजवळ सीडॅकचं केंद्र आहे.

गुरुजींच्या फाइलमधले नंबर शाबूत होते. मी एक तक्ता केला: जुन्या फॉन्टचा हा नंबर म्हणजे युनिकोडचा तो नंबर. मग शंभरेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. खरी गंमत पुढेच आली. जुन्या फाइलमध्ये ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘क’, कारण दिसतं तसंच. युनिकोडमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी, कारण आपण बोलतो तसं. ‘सूर्य’मधला रफारही ‘य’च्या मागून काढून पुढे न्यावा लागला. आणि ‘होड्या’ सरळ झाल्या, पण ‘टोपल्या-दोऱ्या’ लिहिताना ‘ऱ्या’ने चांगलाच घाम फोडला!

दोन रविवार गेले. शेवटी पडद्यावर स्वच्छ मराठी उमटली. गुरुजी चष्मा लावून ओळ न् ओळ तपासायला बसले. एवढ्यात ‘जिताडा’ या शब्दाखाली लाल रेघ आली.

“हे काय?”

“गुरुजी, कॉम्प्युटरच्या शब्दकोशात हा शब्द नाही. त्याला तो चुकीचा वाटतोय.”

“जिताडा चुकीचा? मग अख्खी खाडीच चुकीची म्हण की!” गुरुजी खो खो हसले. मग नातवाला म्हणाले, “घाल रे तो शब्द त्यात.” त्या दिवशी नातवाने असे सदतीस शब्द शब्दकोशात घातले. त्यातले निम्मे त्यालाही नवीनच होते. प्रत्येकाचा अर्थ विचारत बसल्याने जेवायला तीन वाजले!

तुमच्याही घरी आजी-आजोबांची, आई-बाबांची अशी जुनी फाइल असेल, तर ‘खराब झाली’ म्हणून पुसू नका. मूळ फाइल तशीच ठेवा. कोणत्या फॉन्टमध्ये टाइप केली होती ते विचारून घ्या. बऱ्याच जुन्या फॉन्टचं लिखाण युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम फुकट मिळतात. बदललेल्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, एक कागदावर छापून घ्या. आणि ज्यांनी ती लिहिली, त्यांना शेजारी बसवून एकदा मोठ्याने वाचा. अडलेला शब्द तेच सांगतील.