सोळा आण्यांची वाटणी

आमच्या लोकांना अपूर्णांक खरे भेटतात ते घरात मय्यत झाल्यावर. कुराणातल्या सूरे निसामध्ये वारसांचे हिस्से दिलेले आहेत : अर्धा, पाव, आठवा, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, सहावा. सहाच अपूर्णांक, पण ते एकत्र आले की छेद समान करता करता भल्याभल्यांची दमछाक होते. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्रांच्या उदाहरणांनीच भरला आहे.

अब्बांच्या मागे अम्मी, भाई, आपा आणि मी. वणीच्या शिवारात ४ एकर जमीन, निम्म्यात द्राक्षबाग. अम्मीचा १/८. उरलेल्या ७/८ चे चार भाग. भाईला दोन, आम्हा बहिणींना एकेक. (मुलाला दुप्पट का, यावर माझे भाईशी भांडण जुने आहे, ते इथे नको.) म्हणजे भाईचे १४/३२, आमचे प्रत्येकी ७/३२. भाईच्या अंश-छेदांना २ ने भाग जातो, ७/१६ होतात. आमच्या ७/३२ ला कशानेच भाग जात नाही.

अम्मी छेदाच्या वाटेला गेलीच नाही. तिने आणेवारी लावली. दशमान नाणी १९५७ साली आली, तरी जमिनीच्या बोलण्यातून आणे गेलेले नाहीत. "मेरे दो आने, भाई के सात, तुम दोनों के साढ़ेतीन-साढ़ेतीन." बेरीज सोळा. गुंठ्यांत २०, ७०, ३५, ३५. पाटी-पेन्सिल न घेता.

चाचांना हे पटेना. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमीन बाजूला ठेवली आहे, असे त्यांनी ऐकवले. कायद्याचे ते बरोबरच बोलले. पण नमाज-रोज्याला शरियत आणि शिवाराला रिवाज, हे मला मान्य नाही. बहिणींनी हक्कसोड लिहून द्यावी, म्हणजे माहेर राहते, असे त्यांचे म्हणणे. आपा एरवी चाचांपुढे बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "चाचा, भाई के चौदा के सात हुए, तो बी जमीन सत्तर गुंठेच रही. फिर हमारे सात का सिफर कैसा होता?"

फेरफार होऊन सातबाऱ्यावर चारही नावे लागली. हक्कसोडीचा कागद आम्ही केला नाही. विहीर मात्र एकच आहे. पाण्याची पाळी १६ दिवसांची धरली तर अम्मीला २, भाईला ७, आम्हाला साडेतीन-साडेतीन दिवस येतात. पण एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग इतके दिवस पाण्यावाचून कशी ठेवायची, यावर अजून बोलणे चालू आहे.