हवेवरची गाडी

मावळातली वडिलोपार्जित जमीन विकून मी परदेशी बनावटीची महागडी गाडी दारी आणली. वॉरंटी संपली आणि लोणावळ्याच्या एका पावसाळी सकाळी ती एका अंगाला बसलेली दिसली. स्प्रिंगांच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या; त्यातली एक चिरलेली. गळती भरून काढताना कॉम्प्रेसरही जळला. खर्च वर्षाच्या भातपिकाहून अधिक! व्याजाने पैसे काढले, पण गाडी विकायची लाज वाटे.

एकदा लोकलने देहूरोडला उतरून देहूला गेलो. इंद्रायणीकाठी आठवले, तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते याच पाण्यात सोडली. त्यांनी लोकांकडचे येणे सोडले; मला लोकांचे बोलणे सोडवेना.

गाडी विकली, कर्ज फेडले. यंदा वारीत पाय सुजले. शेजारच्या वारकऱ्याने तेल चोळले. आभार मानायला वाकलो, तर तोच माझ्या पाया पडला.