हिशोबाला पक्का

घराच्या दाराजवळ, बहुतेक ठिकाणी चपलांच्या कपाटाच्या वरच्या अंगाला, भिंतीत एक पांढरी पेटी असते. सगळे तिला डीबी म्हणतात. झाकण उघडलं की खटक्यांची रांग दिसते. हा हॉलचा, हा किचनचा, हा गीझरचा, हा एसीचा. या रांगेच्या सुरुवातीला, इतरांपेक्षा दुप्पट रुंद अंगाचा एकजण बसलेला असतो. अंगावर ‘४० ए’ आणि ‘३० एमए’ असे दोन आकडे छापलेले, आणि कोपऱ्यात ‘टी’ अक्षराचं बारीक बटण. कागदोपत्री त्याचं नाव आरसीसीबी. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. दुकानात ते नाव घेतलं तरी दुकानदार हाच काढून देतो.

घरातल्या विजेच्या साऱ्या वस्तूंमध्ये मला हा सर्वांत आदरणीय वाटतो. दिवा उजेड देतो, पंखा वारा देतो, त्यामुळे त्यांचं काम दिसतं. याचं काम म्हणजे अपघात न होणं, आणि न झालेली गोष्ट कुणाला दिसत नाही. म्हणून तो फक्त अडवतो तेव्हाच लोकांच्या लक्षात येतो, आणि तेव्हाही शिव्या खातो.

शेजारी बसलेल्या एमसीबींचा, म्हणजे त्या छोट्या खटक्यांचा, स्वभाव वेगळा. तार किती वीज सोसू शकते एवढंच त्यांना कळतं. सोळा ॲम्पिअरचा एमसीबी सोळाच्या बराच वर भार टिकला की काही वेळाने पडतो, आणि शॉर्टसर्किट झालं तर क्षणात. त्याची निष्ठा तारेशी आहे. तार तापू नये, आग लागू नये, हे त्याचं कर्तव्य आणि ते तो चोख बजावतो. पण माणसाच्या अंगातून वीज चालली आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. ओल्या बाथरूममध्ये उभ्या माणसाच्या देहाचा रोध साधारण हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून पाव ॲम्पिअरच्या आसपास वीज जाते. सोळा ॲम्पिअर पेलणाऱ्या खटक्याच्या दृष्टीने ती एखादा जुना साठ वॅटचा बल्ब लागल्याएवढी किरकोळ गोष्ट. तो स्वस्थ बसून राहतो, आणि माणूस जातो.

आपला हा रुंद अंगाचा गृहस्थ मात्र किती वीज गेली ते बघतच नाही. गेली तेवढी परत आली का, एवढंच बघतो. पेढीवरच्या जुन्या मुनीमजींसारखा तो जमा आणि नावे या दोनच बाजू ताडून पाहतो. फेजच्या तारेतून जेवढी वीज घरात शिरते, तेवढीच न्यूट्रलच्या तारेतून बाहेर पडायला हवी. त्याच्या पोटात एक लोखंडी कडं असतं आणि या दोन्ही तारा त्या कड्यातून जातात. जाणारी आणि येणारी वीज सारखी असेल तर दोघींचे चुंबकी परिणाम एकमेकांना पुसून टाकतात आणि कडं निवांत राहतं. थोडी वीज वाट चुकून गीझरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा कुणाच्या हातापायांतून जमिनीत गेली, की परतीची बाजू कमी भरते. कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या, बारीक तारेत तेवढ्या तफावतीची वीज जागी होते. ती एका छोट्या चुंबकाची पकड सोडवते, ताणून धरलेली स्प्रिंग सुटते आणि घर अंधारात जातं. यातल्या बहुतेकांना हे करायला वेगळी बॅटरी किंवा वेगळी वीज लागत नाही. ज्या गळतीविरुद्ध तक्रार, तीच गळती खटका ओढते.

त्याची सहनशक्ती तीस मिलिॲम्पिअर. नऊ वॅटचा एलईडी बल्बसुद्धा याहून जास्त वीज घेतो. तीसच्या निम्म्याच्या खाली तो कुरकुरत नाही, आणि तीस गाठल्यावर थांबत नाही. हा आकडा कुणी सहज ठरवलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या शाखेत चार्ल्स डॅलझील नावाचे प्राध्यापक होते. विजेचा झटका माणसाच्या देहात नेमकं काय करतो याचा त्यांनी कित्येक वर्षं अभ्यास केला. हातात विजेची तार धरायला तयार झालेल्या स्वयंसेवकांवर जपून प्रयोग केले आणि तार सोडता येणं कुठे थांबतं ते मोजलं. पुरुषांच्या बाबतीत सरासरी सोळा मिलिॲम्पिअर, स्त्रियांच्या बाबतीत साडेदहा. त्याच्या वर स्नायू आवळतात आणि मनात असूनही मूठ उघडत नाही. आपल्याकडे ‘विजेनं धरून ठेवलं’ म्हणतात ते हेच. त्याहून मोठी वीज थोडा वेळ छातीतून गेली, तर हृदयाची लय बिघडते. म्हणून आकडा जितका महत्त्वाचा तितकाच वेळही. गळती पाव ॲम्पिअरच्या घरात असेल तर आपला हा पहारेकरी चाळीस मिलिसेकंदांच्या आत वीज तोडतो. पन्नास हर्ट्झच्या आपल्या विजेची दोन आवर्तनं पुरी व्हायला लागतो तेवढाच हा वेळ. झटका बसतोच, सणकून बसतो. पण माणूस उभा राहून ‘काय झालं?’ असं विचारू शकतो.

एवढा गुणी, तरी घरोघरी त्याचं नाव वाईट. ‘सारखा ट्रिप होतो’ ही त्याच्याविरुद्धची कायमची तक्रार. पावसाळ्यात तर रोजची. अशा वेळी घरी बोलावलेला इलेक्ट्रिशियन काय करतो, यावर मी त्या माणसाची पारख करतो.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. आषाढात त्यांच्या घरची वीज सकाळी गीझर लावला की जायची. पहिला माणूस आला, त्याने गीझर बदलायला सांगितलं. नवा गीझर आला, वीज जातच राहिली. दुसऱ्याने पेटी उघडली आणि म्हणाला, ‘‘आजी, हा फार सेन्सिटिव्ह आहे. बायपास करून देतो, परत त्रास नाही.’’ पाच मिनिटांचं काम होतं. आजींनी त्याला थांबवलं, हे त्यांचं शहाणपण. तिसरा आला तो वयाने मोठा, खांद्याला कापडी पिशवी. त्याने आधी विचारलं, ‘‘पाऊस लागल्यापासूनच जातेय का?’’ मग पेटीतले सगळे छोटे खटके पाडले आणि मुख्य वर केला. टिकला. एकेक चालू करत गेला. गीझरवर पडला. आजी म्हणाल्या, ‘‘बघा, गीझरच.’’ तो म्हणाला, ‘‘आजी, गीझरवर पडतो, पण गीझरमुळे पडतोच असं नाही.’’

त्याने गीझरचा प्लग काढून इस्त्री लावली. तरीही पडला. मग त्याने मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या तारा एकेक सुट्या केल्या. हीच ती जागा जिथे घाईचा माणूस पोचत नाही. छोटा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. न्यूट्रल कुठे ओल्या भिंतीला किंवा अर्थला टेकलेला असेल, तर खटके पाडून तो सापडत नाही. घरात भार थोडा असताना तो गप्प असतो. गीझर किंवा इस्त्रीसारखा मोठा भार आला की परतीच्या विजेतला काही भाग त्या आडवाटेने जमिनीत जातो आणि हिशोब चुकतो. म्हणजे गुन्हा एकीकडे आणि आरडाओरडा दुसरीकडे. त्याने घरातल्या साऱ्या उपकरणांचे प्लग काढले, पिशवीतून मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, काढला आणि ५०० व्होल्टवर एकेक न्यूट्रल अर्थशी तपासला. बाल्कनीच्या लाइनचा काटा खाली गेला. वॉशिंग मशीनच्या सॉकेटमागे भिंतीतल्या लोखंडी डब्यात पाणी उतरलं होतं आणि डब्याच्या कडेला न्यूट्रलची तार सोललेली होती. तार बदलली, डबा बदलला, वर पावसाचं झाकण असलेलं सॉकेट बसवलं. नंतर ‘टी’ बटण दाबून वीज जाते हे आजींना दाखवलं, आणि खटका पुन्हा वर केला. म्हणाला, ‘‘हा खोटं बोलत नव्हता.’’

या पहारेकऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या साऱ्या अन्यायांचं उत्तर या वाक्यात आहे. तो पडला म्हणजे घरात काही तरी बिघडलं आहे, आणि त्याला काढून टाकल्याने ते दुरुस्त होत नाही. अन्यायही नाना प्रकारचे होतात. इन्व्हर्टर बसवताना त्याच्या लाइनचा न्यूट्रल घरातल्या दुसऱ्याच न्यूट्रलला जोडून देतात. मग जाणारी वीज एका कड्यातून आणि येणारी दुसरीकडून, असा घोळ होतो. कधी तीसच्या जागी शंभर किंवा तीनशे मिलिॲम्पिअरचा बसवतात. ‘हा पडणार नाही’ हे सांगणं खरंच असतं. पण शंभर-तीनशेवाले आगीपासून राखण करायला असतात, माणसाला वाचवायला तीसच लागतो. आणि कधी सगळं नीट बसवूनही वर्षानुवर्षं त्याचं बटण कुणी दाबत नाही. न हललेली स्प्रिंग ऐन वेळी अडते. महिन्याला एकदा, निदान दर तीन महिन्यांनी ते बटण दाबायला हवं. दोन सेकंदांचं काम आहे.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात, कारण खऱ्या कर्तबगार माणसाची खोटी स्तुती केली तर त्याचा अपमान होतो. दोन हातांत फेज आणि न्यूट्रल धरून कोरड्या लाकडी स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला तो वाचवू शकत नाही. तिथे गेलेली वीज परत येतेच आहे, हिशोब जुळतो आहे. तार जास्त भाराने तापली तर ते त्याचं काम नाही. ते एमसीबीचं. म्हणून दोघंही लागतात, किंवा दोघांचं काम एकाच अंगात करणारा आरसीबीओ. आणि अर्थिंग नसलेल्या घरात तो अपुरा पडतो. नीट अर्थिंग असेल तर गीझरच्या पत्र्यात वीज उतरली त्या क्षणीच ती जमिनीत जाते आणि तो पडतो, कुणी हात लावण्याआधी. अर्थिंग नसेल तर त्याला कुणाचा तरी हात लागेपर्यंत कळत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कित्येक इमारतींत लाकडी बोर्ड, किटकॅट फ्यूज आणि दोनच तारा आहेत. तिथे नुसता तो आणून बसवणं म्हणजे काम अर्धवट सोडणं. अर्थची हिरवी तार प्रत्येक सॉकेटपर्यंत गेली पाहिजे.

घराची वायरिंग नव्याने करायची असेल तर त्याच्यासाठी काही गोष्टी मागून घ्याव्यात. आख्ख्या घराला एकच असेल तर बाल्कनीतल्या थेंबभर पाण्याने फ्रिजसुद्धा बंद पडतो. बाथरूम-किचन एकाकडे आणि दिवे-पंखे दुसऱ्याकडे अशी वाटणी करता येते. आजकालच्या वॉशिंग मशीन, इंडक्शन शेगडी, इन्व्हर्टर एसी यांच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स असतं. त्यातली गळती साध्या ‘एसी’ प्रकारच्या आरसीसीबीला नेहमी ओळखता येत नाही. तिथे ‘ए’ प्रकारचा चांगला. भारतीय मानक आयएस १२६४० चा शिक्का त्याच्यावर असावा, आणि पक्कं बिल घ्यावं.

आणि माणूस निवडताना? आपल्याकडे काम पॉइंटप्रमाणे ठरतं, आणि पहिला प्रश्न ‘पॉइंटचा दर काय?’ हाच असतो. तो विचारावा, पण शेवटी. आधी परवाना विचारावा. महाराष्ट्रात विद्युत कंत्राटदाराचा परवाना असतो, वायरमनचा असतो. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन आणि वायरमन या दोन्ही व्यवसायांचं शिक्षण मिळतं. नव्या जोडणीला वीज कंपनी कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट मागते, तसाच घरच्या मोठ्या कामानंतर आपणही मागावा. कुठल्या लाइनला किती चौरस मिलिमीटरची तार घालणार, हे कागदावर लिहून घ्यावं. दिव्यांना दीड, सॉकेटला अडीच, गीझर-एसीला चार, असं तो न अडखळता सांगेल तर बरं. मेगर आहे का, हे विचारावं. आणि मग पेटीचं झाकण उघडून त्या रुंद अंगाच्या गृहस्थाकडे बोट दाखवून विचारावं, ‘‘दादा, हा सारखा पडायला लागला तर काय कराल?’’

‘काढून टाकू’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्यावा, त्याचा दर निम्मा असला तरी. कारण तो जे काढायला निघाला आहे, त्याच्यावर आपल्या घरातल्या सर्वांत लहान मुलाचा ओला हात अवलंबून आहे. ‘का पडतो ते शोधावं लागेल, वेळ लागेल’ म्हणणाऱ्याला मागेल ती मजुरी द्यावी. शोधायला लागणारा वेळ हेच त्याचं खरं कौशल्य आहे, आणि आपण आजवर पैसे फक्त तारेचे आणि बटणांचेच मोजत आलो आहोत.