देऊळ पूर्वेला, पॅनेल दक्षिणेला

दोस्तांनो, तुमच्या गच्चीवर काय काय आहे ते वर न जाता सांगता येईल का? पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी, मोडकी सायकल, अडकलेला पतंग? साताऱ्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर २०२४ साली यापेक्षा एक गोष्ट जास्त होती. ती म्हणजे भांडण!

त्याचं झालं असं. विजेचं बिल आलं की मी कपाळाला हात लावायचो. शेवटी ठरवलं, गच्चीवर सौर पॅनेल बसवायची. एक विक्रेता येऊन गच्ची बघून गेला. म्हणाला, "तीन किलोवॅटची घ्या, अनुदान जास्तीत जास्त मिळेल. फक्त पश्चिमेचा तो आंबा तोडावा लागेल. सावली पडते ना!"

आंबा आमच्या आजोबांनी लावलेला. आजी पायरीवर बसून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "आधी मला हलवा, मग झाडाला हात लावा." झालं! मी एका बाजूला, आजी दुसऱ्या बाजूला. सातवीतली आमची धाकटी मधे बसून दोघांची तोंडं बघत होती.

तेवढ्यात दिवाळीची सुट्टी लागली आणि आम्ही अहमदाबादला मामेबहिणीकडे गेलो. ती म्हणाली, "सूर्यावरून भांडताय ना? मग मोढेरा बघून या."

मोढेरा अहमदाबादहून साधारण शंभर किलोमीटरवर, मेहसाणा जिल्ह्यात आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट शेतं, मधूनच एखादी म्हैस, आणि वर लख्ख ऊन. तिथे सूर्याचं एक जुनं देऊळ आहे. इ. स. १०२६-२७ च्या सुमारास, सोळंकी राजा पहिला भीमदेव याच्या काळात ते बांधलं गेलं. समोर पायऱ्यापायऱ्यांचं मोठं कुंड आहे आणि त्या पायऱ्यांवर १०८ छोटी देवळं. सभामंडपाला ५२ खांब. वर्षाचे बावन्न आठवडे म्हणून बावन्न, असं तिथे सांगतात. गाभाऱ्यात आज मूर्ती नाही आणि पूजाही होत नाही.

देवळाचं तोंड पूर्वेला आहे. मार्च आणि सप्टेंबर महिन्यांत जेव्हा दिवस आणि रात्र सारखे होतात, तेव्हा उगवत्या सूर्याचा किरण थेट गाभाऱ्यात पोहोचावा अशी त्याची रचना आहे. हजार वर्षांपूर्वी संगणक नव्हता. मग हे साधलं कसं? आकाशाकडे वर्षानुवर्षं नीट बघून.

देऊळ बघून आम्ही गावात शिरलो आणि थक्क झालो. घराघरावर निळीकाळी पॅनेलं! ९ ऑक्टोबर २०२२ रोजी मोढेरा हे चोवीस तास सौर विजेवर चालणारं देशातलं पहिलं गाव म्हणून जाहीर झालं. गावातल्या १३०० हून अधिक घरांवर प्रत्येकी एक किलोवॅटची पॅनेलं आहेत. शिवाय जवळच्या सुज्जनपुऱ्याला जमिनीवर ६ मेगावॅटचा प्रकल्प आहे आणि १५,००० युनिट साठवणारी बॅटरी आहे. दिवसा साठवायचं आणि रात्री वापरायचं. खर्च केंद्र आणि राज्य सरकारने मिळून केला.

एका घराच्या ओट्यावर एक म्हाताऱ्या बा शेंगा सोलत बसल्या होत्या. "आवो, बेसो," म्हणाल्या. पाणी दिलं. आमच्या मोडक्या हिंदीला त्यांची मोडकी हिंदी भेटली. धाकटीने विचारलं, "बा, रात्री सूर्य नसतो, मग पंखा कसा फिरतो?" बा हसल्या. मीटरकडे बोट करून म्हणाल्या, "दिवसा आम्ही देतो, रात्री आम्ही घेतो."

दोस्तांनो, बांनी अख्खा धडा एका वाक्यात सांगितला. उन्हात आपली वीज उरली तर ती तारेवरून बाहेर जाते आणि मीटरमध्ये आपल्या नावे जमा होते. संध्याकाळी बाहेरची वीज आत येते. शेवटी फक्त वजाबाकी करायची. याला नेट मीटर म्हणतात.

परत निघताना धाकटीने एक प्रश्न विचारला आणि मी गप्पच झालो. "बाबा, देवळाचं तोंड पूर्वेला, मग सगळी पॅनेलं दक्षिणेकडे का कललेली?"

तुम्हाला येतं का उत्तर? देवळाला हवा होता सकाळचा पहिला किरण. पॅनेलला हवं असतं दिवसभराचं ऊन. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो. त्यामुळे वर्षातले बरेचसे महिने सूर्य आपल्या डोक्यावरून न जाता दक्षिणेकडून कलून जातो. आणि सर्वांत जास्त वीज तयार होते ती भर दुपारी, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान.

"म्हणजे दुपारी सावली कुठे पडते ते बघायला हवं," धाकटी म्हणाली. "आपण ते बघितलंच नाही!"

खरंच की! आम्ही नुसते भांडत होतो. मोढेऱ्यात कुणीतरी वर्षानुवर्षं आकाश बघितलं होतं. आम्ही तर आमची स्वतःची गच्ची एक दिवससुद्धा बघितली नव्हती.

घरी आल्यावर धाकटीने खडूचा डबा उचलला. एका रविवारी सकाळी आठपासून दर तासाला ती गच्चीवर जाऊन सावल्यांच्या कडा आखायची आणि शेजारी वेळ लिहायची. संध्याकाळी आजीसकट आम्ही सगळे वर गेलो. गच्चीवर जणू नकाशा उमटला होता.

आंब्याची सावली दोनच्या सुमारास पश्चिमेच्या कोपऱ्यात शिरत होती आणि पूर्वेच्या अर्ध्या भागापर्यंत पोहोचायला चार वाजत होते. तोवर पॅनेलची बरीचशी कमाई होऊन जाते. मग ऐन बाराला पूर्वेच्या अर्ध्या भागात मधोमध कोण ठाण मांडून बसलं होतं? आमची पाण्याची टाकी! दक्षिणेच्या कठड्याला लागून, सात फूट उंच. चोर ती होती आणि नाव मात्र आंब्याचं झालं होतं.

एवढ्याशा सावलीने काय बिघडतं, असं वाटेल. पण पॅनेलमधले घट एकापुढे एक असे साखळीत जोडलेले असतात. तुम्ही रांगेत उभे राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देत असाल आणि मधला एक जण पेंगला, तर सगळी रांग रेंगाळते ना? तसंच.

नाताळच्या सुट्टीत तिने पुन्हा आखणी केली. टाकीची दुपारची सावली फूटभर पुढे सरकली होती. डिसेंबरात सूर्य आणखी दक्षिणेला जातो, म्हणून सावल्या लांबतात. एकाच दिवसाच्या मापावर विसंबू नये, हेही कळलं.

मग हिशोब. आमचा वापर महिन्याला सरासरी १८० युनिट. एक किलोवॅटची पॅनेलं दिवसाला सरासरी चार युनिट देतात, म्हणजे महिन्याला १२०. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलात जास्त. त्याला जागा लागते सुमारे १०० चौरस फूट. आम्हाला दोन किलोवॅट पुरेशी होती, तीनची गरजच नव्हती! २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीनला ७८,००० रुपये अनुदान ठरलं होतं. पण १८,००० रुपये जास्त मिळतात म्हणून नको असलेली पॅनेलं घ्यायची? भूक दोन पोळ्यांची आणि ताटात तीन, कारण तिसरी स्वस्त!

खर्चातून अनुदान वजा करा. उरलेल्या रकमेला वर्षभराच्या बचतीने भागा. पैसे किती वर्षांत फिटतील ते कळतं. आमचं उत्तर आलं पाचेक वर्षं. पॅनेलं तर पंचवीस वर्षं चालावीत अशी बनवलेली असतात.

दोन गोष्टी मात्र त्या विक्रेत्याने सांगितल्या नव्हत्या, त्या आमच्या ओळखीच्या वायरमनने सांगितल्या. एक, बिल अगदी शून्य होत नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. दुसरी, बॅटरी नसेल तर बाहेरची वीज गेल्यावर आपली पॅनेलंही बंद होतात, अगदी टळटळीत ऊन असलं तरी. का? खांबावर चढून काम करणाऱ्या माणसाला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून. तेव्हा वीज गेली की मेणबत्ती शोधायचं काम आमच्याकडे अजून आहेच.

फेब्रुवारीत टाकी उत्तरेच्या कठड्याजवळ गेली आणि गच्चीच्या पूर्वेच्या अर्ध्या भागात पॅनेलं बसली. पश्चिमेचा भाग आजीच्या कुरडया-पापडांना राहिला. आंबा जागच्या जागी. त्याच्यामुळे दुपारनंतर आमची थोडी वीज बुडते, हे खरं आहे. मी ते आजीला सांगितलंही. आजी म्हणाली, "बुडू दे. मे महिन्यात माजघरात पंख्याशिवाय झोपतोस, त्याचं बिल कुठे येतं?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आता तुमची पाळी. येत्या रविवारी खडू घ्या आणि घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन गच्चीवर किंवा अंगणात जा. सकाळी आठपासून दर तासाला सावल्यांच्या कडा आखा. बारा महिन्यांची बिलं काढून सरासरी युनिटं मोजा. गच्चीवर जागाच नाही, किंवा दिवसभर शेजारच्या इमारतीची सावली आहे, असंही उत्तर येईल. तेही उत्तरच आहे, आणि ते पैसे भरण्याआधी कळलेलं बरं. आणि कुणी तुम्हाला झाड तोडायला सांगितलंच, तर आधी टाकीची सावली मोजा!