पत्थरगट्टीचा गोड सुगंध

सुलतान बाजारातून निघून अफजलगंज मागे टाकले व नया पूल ओलांडला, की मुसीपलीकडे मदिना इमारतीपासून चारमिनारच्या दिशेने पत्थरगट्टीच्या दगडी कमानी लागतात. दुकाने बहुतेक कापडाची व मोत्यांची. तथापि मधूनमधून अत्तरवाल्यांची चिमुकली दुकानेही आहेत. आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाचे गुलाबपाणी येथूनच आले.

यंदाचे काम मात्र निराळे होते. भाचीचे मन एका परदेशी सुगंधावर बसले होते आणि त्या बाटलीची किंमत ऐकून आम्ही थक्क झालो. तिच्या वडिलांनी निवृत्तिवेतनातून ती घेऊ केली. ते तिलाच रुचेना. "मावशी, तसलेच काही स्वस्तात मिळेल का?" तिने हळूच विचारले.

या जातीच्या सुगंधात फुलांना मान दुय्यम. व्हॅनिला, जळती साखर, चॉकलेट असे खाऊचे वास पुढे असतात. १९९२ साली थिएरी म्युग्लर यांच्या नावाने निघालेल्या 'एंजल'पासून हा प्रकार विशेष फोफावला. जत्रेतील म्हातारीच्या केसांची आठवण करून देणारे एथिल माल्टॉल त्यात आहे. जोडीला पॅचौली, म्हणजे आपल्या अंगणातील पाचेच्याच कुळातली. व्हॅनिलाचा गंध देणारे व्हॅनिलिन तर १८७४ सालीच जर्मनीत पाइनच्या झाडातील द्रव्यापासून कृत्रिम रीतीने तयार झाले. तेव्हा गोडवा मुळात महाग नाही. महाग आहेत ती बाटली, जाहिरात आणि नाव. शिवाय, न्यायाने बोलायचे तर, मिश्रण बेतणाऱ्याचे कसबही.

पत्थरगट्टीला असे सुगंध तेलात जुळवून तोळ्याच्या हिशेबाने विकतात. कनौजला देग-भपक्याने चंदनाच्या तेलात उतरविलेल्या गुलाबाशी यांची तुलना करू नये. आमच्या अत्तरवाल्याने हे आपण होऊन सांगितले, म्हणून त्याच्यावर विश्वास बसला. काचेच्या बुचाने भाचीच्या मनगटावर थेंब टेकवून तो म्हणाला, "अम्मा, घर जाओ, शाम कू सूंगके बोलो." गिऱ्हाईक परत पाठविणारा दुकानदार आम्हांस फार आवडतो.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळ्यांनी ते मनगट हुंगले. अल्कोहोलमुळे येणारा पहिला टवटवीत झोत या तेलात नाही, हा उणेपणा खरा. तो दरवळतही फार दूरवर नाही. जवळ आलेल्यालाच कळतो. परंतु साखर आणि पाच रात्री जेवणानंतरही अंगावर होती. त्वचेला खाज वा लाली आली नाही, हेही पाहून घेतले.

दुसऱ्या दिवशी अर्धा तोळा घेतला. मूळ बाटलीच्या किमतीपुढे ही रक्कम म्हणजे रिक्षाभाडेच. कुपी कपाटात, उन्हापासून दूर ठेवली आहे. लावायचे ते मनगटावर आणि कानामागे. शालूला मात्र थेंबही लागू द्यायचा नाही, रेशमावरचा तेलाचा डाग सहजी निघत नाही.